‘तुमचं काळीज मोठं हो, बाई!’



३ डिसेंबरला कोणता सण असतो हे आपल्यापैकी कोणालाही सांगावे लागत नाही. त्या दिवशी संत फ्रान्सिस झेवियरचा सण. कोणी जुन्या गोव्याची वाट धरतो, कोणी इथेच पवित्र मिस्साला येतो. पण संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ पासून हाच दिवस जगभरातील अपंग व्यक्तींचा दिवस म्हणून पाळायचे ठरवले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. संत झेवियर गोव्याच्या रस्त्यांवरून हातातली घंटा वाजवीत जात आणि मुलांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. हे दोन दिवस एकाच तारखेला येतात तेव्हा मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्या मुलाला ती घंटा ऐकूच येत नव्हती, किंवा ऐकू येऊनही तिचा अर्थ कळत नव्हता, किंवा अर्थ कळूनही चालत जाता येत नव्हते, त्याला कोणी बोलवायचे?

अशा मुलांना बोलवायला त्यांच्या दारापर्यंत जाणारी माणसे आज आपल्या समाजात आहेत. त्यांना आपण विशेष शिक्षक म्हणतो. अशी एखादी शिक्षिका लग्नकार्यात किंवा एस.टी.त भेटली आणि ती काय काम करते हे कळले, की आपल्या तोंडून हमखास एक वाक्य निघते: ‘तुमचं काळीज मोठं हो, बाई! आम्हाला नाही जमायचं.’ हे वाक्य आपण मनापासून बोलतो, त्यात वाईट हेतू नसतो. पण त्यात तीन गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली, अशा मुलांच्या सहवासात दिवस काढणे ही एक शिक्षाच आहे. दुसरी, त्यांना शिकवणे हा कोणाच्या तरी मोठ्या मनाचा उपकार आहे, त्या मुलांचा हक्क नव्हे. आणि तिसरी सर्वांत सोयीची आहे: माझे काळीज देवानेच लहान दिले, म्हणून मी सुटलो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत का? आजचा माझा प्रश्न एवढाच आहे.

हा विचार हवेत करण्यापेक्षा एका बाईंच्या आयुष्याकडे पाहून करू. विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात मुंबईच्या डॉ. मिथू अलूर यांचे नाव सर्वांना माहीत आहे. ते काम त्यांनी आधीपासून ठरवलेले नव्हते. १९६६ मध्ये त्यांना मुलगी झाली, मालिनी. जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि मालिनीला सेरेब्रल पाल्सी झाली. या विकारात मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. चालणे, बोलणे, गिळणे, हातात वस्तू धरणे, सगळेच अवघड होते. मात्र बुद्धी पूर्ण शाबूत असू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही इतकेच. या मुलीचे काही होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आईवडील तिला घेऊन इंग्लंडला गेले. तिथे शिकवणाऱ्यांना त्या वेड्यावाकड्या हालचालींच्या मागे एक हुशार मुलगी दिसली. मग आईनेही तिथेच विशेष शिक्षणाचे प्रशिक्षण घेतले.

भारतात परतल्यावर मालिनीला घेईल अशी शाळा सापडेना. तेव्हा २ ऑक्टोबर १९७२ रोजी अलूरबाईंनी मुंबईत कुलाब्याला शाळा सुरू केली. मुले होती तीन. संस्थेचे नाव ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’, आणि अभिनेत्री नर्गिस दत्त तिच्या पहिल्या आश्रयदात्या झाल्या. पुढे काम वाढले. शिक्षक तयार करण्याचे वर्ग निघाले, काम धारावीच्या वस्तीपर्यंत पोहोचले. १९८९ मध्ये अलूरबाईंना पद्मश्री मिळाली. मालिनी चिब मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून पदवीधर झाली, लंडनला जाऊन तिने दोन विषयांत एम.ए.च्या दर्जाचे शिक्षण पूर्ण केले आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावही तिने ‘वन लिटल फिंगर’, म्हणजे एक इवलेसे बोट, असेच ठेवले.

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होते. आईने कष्ट केले, मुलीने पांग फेडले. आपण टाळ्या वाजवू आणि घरी जाऊ. पण मला नेमके इथे थांबायचे नाही, कारण अशा गोष्टी ऐकता ऐकता एक चुकीचा हिशोब आपल्या डोक्यात पक्का बसतो. मुलीला पदव्या मिळाल्या म्हणून आईचे श्रम सार्थकी लागले, असा तो हिशोब. मग ज्या मुलाला कधीच पदवी मिळणार नाही, ज्याला दहा वर्षे शिकवूनही स्वतःचे नाव लिहिता येणार नाही, त्याच्या शिक्षिकेचे श्रम वाया गेले असे म्हणायचे का?

हेलन केलरची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. आंधळी, बहिरी मुलगी, आणि तिच्या हातावर पाण्याची धार सोडून दुसऱ्या तळहातावर ‘पाणी’ या शब्दाची अक्षरे बोटांनी उमटवणारी शिक्षिका अॅन सुलिव्हन. साल होते १८८७. त्या शिक्षिकेची स्वतःची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती अमेरिकेत आलेल्या गरीब आयरिश कॅथलिक स्थलांतरितांची मुलगी. आई वारली, बापाने सांभाळले नाही, म्हणून १८७६ मध्ये तिची आणि तिच्या धाकट्या भावाची, जिमीची, रवानगी टूक्सबरी येथील अनाथगरिबांच्या सरकारी आश्रमात झाली. अॅनचे डोळे अधू होते, जिमी कंबरेच्या दुखण्याने लंगडत असे. काही महिन्यांतच जिमी तिथे वारला. हेलन जगप्रसिद्ध झाली. जिमीचे नाव कोणाला माहीत नाही. हेलनचे आयुष्य मोलाचे आणि जिमीचे बिनमोलाचे, असे ख्रिस्ती माणूस म्हणू शकेल का? आणि म्हणू शकत नसेल, तर विशेष शिक्षिकेच्या कामाचे मोल तिच्या विद्यार्थ्याच्या यशावरून ठरवणेही आपल्याला सोडून द्यावे लागेल.

ते काम रोजचे कसे असते ते पाहा. एका मुलाला सदऱ्याचे बटण लावायला शिकवायचे आहे. आपण ते काम एका दमात करतो, म्हणून त्याचे भाग आपल्याला दिसत नाहीत. शिक्षिका त्याचे तुकडे पाडते: बटण चिमटीत धरणे, काज शोधणे, कड त्यात घालणे, दुसऱ्या हाताने पलीकडून ओढणे. कधी शेवटच्या पायरीपासून सुरुवात करते. बाकीचे सगळे ती करते आणि फक्त ओढण्याचे काम मुलाला देते, म्हणजे ‘मी लावले’ हा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. मग एकेक पायरी मागे जायचे. कधी त्याला सहा महिने लागतात. मध्येच ताप आला, सुट्टी लागली, की शिकलेले विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्याला बोलता येत नाही त्याला चित्रांचा तक्ता देतात. पाणी हवे तर पेल्याच्या चित्रावर बोट, पोट दुखले तर पोटाच्या चित्रावर बोट. जे मूल रोज संध्याकाळी आरडाओरडा करते म्हणून घरचे हैराण झालेले असतात, ते कधी कधी एवढेच सांगत असते की माझे पोट दुखते आहे. तक्ता हाती आला की ओरडणे थांबते. ही शिक्षिका त्या मुलाकडे दुसऱ्या कोणापेक्षा अधिक बारकाईने पाहते, आणि या सगळ्या कामाचे मूळ त्या पाहण्यातच असते.

आता कोणी विचारील, ‘फादर, पण शेवटी याचा उपयोग काय?’ हा प्रश्न क्रूर वाटतो, म्हणून आपण तो मोठ्याने विचारत नाही. पण तो मनात असतो, आणि तो फार जुना आहे. अॅरिस्टॉटल हा केवढा मोठा तत्त्वज्ञ! ख्रिस्तसभेने त्याच्याकडून कितीतरी शिकून घेतले. पण राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की व्यंग असलेले मूल वाढवू नये असा कायदाच असावा. इतका बुद्धिमान माणूस इथे का चुकला? कारण त्याच्या लेखी नगराच्या उपयोगी पडणे हीच माणसाची कसोटी होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाला बोएथियसची एक व्याख्या पाठ करावी लागते. हा सहाव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत. व्यक्ती म्हणजे कोण, तर विवेकशील स्वभाव असलेले एकेकटे, स्वतंत्र अस्तित्व, असे त्याचे म्हणणे. संत थॉमस अक्वायनसने ही व्याख्या उचलून धरली. वरवर वाचले तर वाटेल की ज्याला विचार करता येत नाही तो या व्याख्येतून बाहेर पडला. पण व्याख्येत शब्द आहे स्वभाव, कर्तबगारी नव्हे. झोपलेला माणूस विचार करीत नाही, तान्हे मूल करीत नाही, ऑपरेशनच्या टेबलावर गुंगीत असलेला करीत नाही. म्हणून ती माणसे नाहीत असे आपण म्हणत नाही. डोळे मिटलेला माणूसही पाहणाऱ्या जातीचाच असतो. तसेच ज्याच्या मेंदूला इजा झाली आहे तो माणूस या जातीचा पूर्ण सभासद आहे, अर्धा किंवा पाव नव्हे. त्याच्यातल्या माणूसपणाला प्रकट व्हायला वाट सापडलेली नाही. ती वाट रुंद करता येते का, हे शिक्षिका पाहते. झाली तर आनंद आहे. नाही झाली तरी आतला माणूस कमी होत नाही.

आपल्या कोकणातल्या भाषेत बोलायचे तर हापूसचे कलम आपण धरण्यावरून जोखतो. एका वर्षी धरले, एका वर्षी नाही, तरी आपण समजून घेतो. वर्षानुवर्षे धरलेच नाही तर त्याच्यावर कुऱ्हाड चालवतो. झाडाच्या बाबतीत यात काही गैर नाही. झाडाला किंमत असते, आणि किंमत फळावरून ठरते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने किंमत आणि प्रतिष्ठा असा भेद केला. ज्याच्या जागी त्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. घरातले एखादे मूल गेले तर ‘दुसरे आहे ना’ असे कोणती आई म्हणेल? आणि अपंग मूल गेल्यावर सांत्वनाला आलेले लोक ‘सुटला बिचारा’ म्हणतात तेव्हा त्या आईच्या चेहऱ्याकडे कोणी नीट पाहिले आहे का?

अलीकडचे एक कॅथलिक तत्त्वज्ञ अॅलस्डेर मॅकिन्टायर यांनी १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. तत्त्वज्ञांनी माणसाचे वर्णन करताना नेहमी धडधाकट, कमावता, स्वतंत्र माणूस समोर ठेवला; पण असा माणूस आयुष्यातला काही काळच असतो. आधी आपल्याला भरवावे लागते, शेवटी पुन्हा भरवावे लागते, आणि मधल्या काळातही एक ताप, एक अपघात पुरतो. म्हणजे ‘ते अपंग आणि आपण सुदृढ’ अशी रेघ मुळात पक्की नाहीच. त्या मुलाला जे शिकवणे चालले आहे त्याची एक दिवस मलाही गरज लागेल. मला घास भरवणारा हात ते प्रेमाने करतो की नाक मुरडून, हे तेव्हा मला नक्की कळेल.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. या कामात त्याग नाहीच असे मी म्हणत नाही. अंगावर थुंकी उडते, चावे बसतात, पाठ दुखते. आपल्या राज्यात वर्षानुवर्षे कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर राबलेले विशेष शिक्षक पुष्कळ आहेत. आणि घरच्या आईला तर सुट्टीच नसते. ‘ही मुले म्हणजे देवाचा प्रसाद’ असे बोलून तिच्या रात्रीच्या जागरणावर गोड पांघरूण घालणे हे पाप आहे. पण म्हणूनच ‘काळीज मोठं’ हे कौतुक मला खटकते. बँकेतल्या माणसाला, गणिताच्या मास्तरला आपण असे म्हणत नाही. त्याला पगार मिळावा, रजा मिळावी असे म्हणतो. कौतुक फुकट असते. ज्याला आपण देवमाणूस ठरवतो त्याला पुरेसे मानधन आहे का, हाताखाली मदतीला कोणी आहे का, हे विचारायची गरज आपल्याला वाटेनाशी होते. तिला उंच चौथऱ्यावर बसवले की तिच्या शेजारी उभे राहण्याचे काम टळते.

आपल्या प्रभूने हे काम कसे केले ते संत मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात आहे. लोक एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला आणतात आणि त्याच्यावर हात ठेवण्याची विनंती करतात. येशू तेवढे करून मोकळा होत नाही. तो त्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. त्याच्या कानांत बोटे घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो. विचार करा, बहिऱ्या माणसाशी कसे बोलणार? शब्दांनी नाही, तर हातांनी, स्पर्शाने, डोळ्यांनी. प्रभू त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलला. बाजूला नेले यासाठी, की त्या माणसाचा तमाशा होऊ नये. मग म्हणतो, ‘इप्फाथा’, मोकळा हो. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाच्या कानांना आणि ओठांना स्पर्श करून धर्मगुरू हीच प्रार्थना करतो. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या ख्रिस्ती जीवनाच्या आरंभी त्या बहिऱ्या माणसाची आठवण आहे.

ख्रिस्तसभेत ही आठवण ठेवणारे लोक होऊन गेले. अठराव्या शतकात पॅरिसमधल्या आबे द लेपे या धर्मगुरूला दोन मुक्याबहिऱ्या बहिणी भेटल्या. त्यांना धर्मशिक्षण मिळत नाही याची त्याला खंत वाटली. त्यांना बोलायला लावण्याऐवजी तो आधी त्यांच्या खुणा शिकला, आणि त्यातून त्याने मूकबधिर मुलांची मोफत शाळा उभी केली. आपल्या मुंबईत १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन या जेझुइट महागुरुस्वामींनी मूकबधिरांसाठी शाळा काढली. आपल्या देशातल्या मूकबधिरांच्या शिक्षणाचा आरंभ तिथून मोजतात. हा आपला वारसा आहे, आणि वारसा चालवायचा असतो.

आता पुन्हा अलूरबाईंकडे येऊ, कारण त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा धडा शाळेनंतरचा आहे. पंचवीसएक वर्षे विशेष शाळा चालवल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले. आपल्या शाळांत शेकडो मुले आली, पण देशातली लाखो मुले कुठे आहेत? त्यांनी अंगणवाड्यांचा अभ्यास केला. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू आहे. सहा वर्षांखालच्या सर्व मुलांना पोषण, लसीकरण, शाळापूर्व शिक्षण देणारी ही योजना. कागदावर शब्द होता ‘सर्व’. प्रत्यक्षात अपंग मुले त्यात नव्हती. कोणी त्यांना हाकलून दिले नव्हते. त्यांची गणती कोणी केलीच नव्हती. १९९८ मध्ये लंडन विद्यापीठाला सादर केलेल्या या प्रबंधाला त्यांनी नाव दिले ‘अदृश्य मुले’. आणि मग विशेष शाळा काढणाऱ्या याच बाई सांगू लागल्या की वेगळी शाळा पुरेशी नाही. वस्तीतल्या बालवाडीत, गावच्या शाळेत, सर्वांच्या बरोबर ही मुले बसली पाहिजेत. स्वतः उभे केलेले काम अपुरे आहे हे उघडपणे म्हणायला फार मोठे धैर्य लागते. त्यांच्या काळजापेक्षा त्यांची नजर मोठी होती असे मला वाटते.

त्यानंतर कायदाही पुढे आला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे मोजली आहेत, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे आपल्या त्या वाक्यातली दुसरी गोष्ट, उपकाराची, कायद्यानेही खोटी ठरवली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. आपल्या रत्नागिरीत आविष्कार संस्थेचे सविता कामत विद्यामंदिर आणि शामराव भिडे कार्यशाळा बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामुलींसाठी काम करतात. मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती ही अंध मुलांची निवासी शाळा आहे. बाहेरच्या जगात हे सगळे आहे. आता आपल्या घराकडे वळू.

कोकणातली जुनी घरे लांब असतात. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी. पाहुणे आले की एखाद्या घरातले एक मूल मागच्या पडवीत जाते. हे घडते ते आईबापांचे प्रेम कमी असते म्हणून नव्हे. थोरल्या मुलीचे लग्न जमायचे असते, लोकांच्या प्रश्नांचा कंटाळा आलेला असतो, आणि कोणीतरी कधी तरी ‘कोणाचं पाप भोगतोय’ असे म्हणून गेलेले असते. शिष्यांनीही जन्मांध माणसाला पाहून येशूला हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने पापाची ती गोष्ट साफ नाकारली. संत योहानच्या नवव्या अध्यायात पुढे आणखी एक बारीक गोष्ट आहे. त्या माणसाला दृष्टी आल्यावर शेजाऱ्यांना तो ओळखू येईना. हा तोच की त्याच्यासारखा दुसरा, असा वाद ते घालत बसले. इतकी वर्षे तो त्यांच्या वाटेवर बसत होता; त्यांनी त्याचा कटोरा पाहिला होता, चेहरा पाहिला नव्हता.

म्हणून अलूरबाईंचा प्रश्न मी आपल्या धर्मग्रामाला विचारतो. आपण ‘सर्वांनी मिस्साला यावे’ म्हणतो, ‘सर्व मुलांनी धर्मशिक्षणाच्या वर्गाला यावे’ अशी सूचना वाचतो. या ‘सर्व’मध्ये कोण कोण आहे? धर्मसभेच्या कायद्यातील ७७७ वे कलम धर्मगुरूवर एक स्पष्ट जबाबदारी टाकते: शरीराने किंवा मनाने अपंग असलेल्यांनाही, त्यांना झेपेल तसे, धर्मशिक्षण मिळाले पाहिजे. ते कोणाच्या मोठ्या काळजावर सोडलेले नाही, ते माझे कर्तव्य आहे. ‘त्याला काय कळणार, त्याला कशाला पवित्र कम्युनियन?’ असे काही पालक स्वतःच म्हणतात. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या आपल्या पत्रात याचे उत्तर दिले आहे. स्नानसंस्कार आणि दृढीकरण झालेल्या मतिमंद व्यक्तींनाही शक्य असेल तेव्हा ख्रिस्तशरीर द्यावे; ते आपल्या कुटुंबाच्या आणि समाजाच्या श्रद्धेनेही ते स्वीकारतात. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडले तेव्हा प्रभूने कोणाची श्रद्धा पाहिली? त्याला उचलून आणणाऱ्यांची. आपल्यापैकी कोणाला आपली सगळी श्रद्धा स्वतःच्या खांद्यावर पेलते?

यातून तीन साध्या गोष्टी करू या. एक, आपल्या धर्मग्रामात ज्यांच्या घरी असे मूल किंवा असा मोठा माणूस आहे त्यांनी मला सांगावे. मिस्सानंतर सर्वांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर निरोप पाठवा, मी घरी येईन. दोन, पहिल्या कम्युनियनच्या वर्गात अशा मुलांना बरोबरच्या मुलांच्या शेजारी बसवू. जे शब्दांनी शिकवता येणार नाही ते चित्राने, हाताने, मेणबत्तीच्या उजेडाने, भाकरीच्या वासाने शिकवू. त्यासाठी विशेष शिक्षण घेतलेल्या कोणाची मदत मिळाली तर तिला मानधन देऊ, फक्त शाल-नारळ नको. तीन, स्वयंसेवक हवे आहेत. फार मोठे काम नाही. रविवारी एक तास कोणाच्या तरी घरी त्या मुलाजवळ बसायचे, म्हणजे त्याच्या आईला मिस्साला येता येईल. किंवा त्याहून चांगले, दोघांनाही घेऊन यायचे. मूल मध्येच ओरडले, उठून चालू लागले, तर वळून पाहू नका. माझे प्रवचन थोडे थांबेल, त्याने काही बिघडत नाही.

तुम्ही म्हणाल, आमचे काळीज एवढे मोठे नाही. नसू दे. पहिल्या दिवशी एवढेच करा, त्या मुलाचे नाव विचारा आणि पुढच्या रविवारी त्याला त्या नावाने हाक मारा.

प्रभू येशू आपल्या सर्वांचे कान, डोळे आणि घरांची दारे मोकळी करो, हीच प्रार्थना.

ख्रिस्तात आपला,
फादर